नोनो 'हा' म्हणते

सोइची : परत एकदा वाजवा ना. फक्त ती ओळ.

इसुरुगी : आत्ताच वाजवली की. वाजवून वाजवून बदलणार आहे का ती?

सोइची : बदललीच आहे, इसुरुगी-सान. तेच तर सांगतोय कधीचा. नोनो 'हारु-वा माडा' म्हणतेय.

इसुरुगी : मग काय म्हणायला हवं तिनं? 'वसंत अजून आला नाही.' हारु-वा माडा. बरोबर आहे. बाहेर बर्फ पडतोय, म्हणजे तेही बरोबर आहे.

सोइची : माझ्या गाण्यात ती 'हारु-हा' म्हणते. 'वा' नाही. 'हा'.

इसुरुगी : अच्छा, ते होय. नवशिक्याची चूक. लिहायचं 'हा' आणि म्हणायचं 'वा'. पहिलीत बाई एकदा सांगतात, मग जन्मभर कुणाला सांगावं लागत नाही. पण नोनो कुठे गेलीय पहिलीत? कॉम्प्युटरमधली गायिका ती. तिला जे अक्षर टाइप करून द्याल ते ती गाते. पहिल्या गाण्यात सगळ्यांचं होतं हे. कुणीतरी दुरुस्त केलं असेल. बरंच झालं की.

सोइची : बरं नाही झालं. कुणी केलं?

इसुरुगी : मला काय विचारता. माझ्याकडे गळा, म्हणजे गाण्यातला नुसता आवाज, तयार येतो. त्यावर नोनोचं नाचणं, ओठ, केस उडणं, सगळं तयार येतं. मी बटण दाबते. तिकडे पडद्यावर नोनो उभी राहते, बाजूला चार जिवंत माणसं तिच्यामागे वाजवत पळतात. सगळे एकाच घड्याळावर. मी त्या घड्याळाची मोलकरीण.

सोइची : तुमच्या लोकांनीच केलं असणार. न विचारता.

इसुरुगी : न विचारता इथे कुणी कुणाच्या गळ्याला हात लावत नाही, शाके-पी.

सोइची : त्या नावानं हाक नका मारू हो.

इसुरुगी : स्वतःच घेतलंय ना. नोनोसाठी गाणी करणारे तुम्ही सगळे पी, म्हणजे प्रोड्यूसर. कुणी चंद्र-पी, कुणी धुकं-पी. खारवलेला मासा असं नाव घेणारे तुम्हीच पहिले.

सोइची : मुराकामी गावचा आहे मी. सॅमनच्या दुकानात कामाला आहे. हाताला वास येतोच, मग नावाला आला तर काय झालं, असं चिगुसा म्हणाली होती.

इसुरुगी : चिगुसा कोण?

सोइची : बहीण. धाकटी. गाण्याचे शब्द तिचे आहेत. चाल माझी. टाइप पण तिनंच केलं सगळं. तो 'हा' तिचाच. पहिल्यांदा वाजवलं ना आम्ही, तेव्हा नोनो एकदम 'हारु-हा' म्हणाली. म्हणजे असं, कुणीतरी धापा टाकत जिना चढून आल्यासारखं. आम्ही इतके हसलो की आई वर आली. मी म्हटलं राहू दे. तसंच साइटवर चढवलं.

इसुरुगी : आणि लोकांना आवडलं.

सोइची : खूप. त्या साइटवर कमेंटा पडद्यावरून पळतात ना आडव्या? ती ओळ आली की अख्खा पडदा 'हा'नं भरतो. नोनो दिसत पण नाही. त्याच्यावरच तर मतं पडली. म्हणून तर निइगाताच्या शोला आमचं गाणं निवडलं. म्हणजे, ते गाणं त्या 'हा'मुळेच आहे. 'हा' काढला की काय उरतं? वसंत आला नाही. हवामान खातं पण तेच सांगतं.

इसुरुगी : हे बघा, या तांदळाच्या कुरकुरीत चकत्या घ्या जरा. तिखट आहेत, खा. तुमचा चेहरा पांढरा पडलाय. लोक गाणं ऐकायला येतात, एक अक्षर ऐकायला नाही. संध्याकाळपर्यंत विसरतील.

सोइची : लोकांचं नाही हो. ती येतेय आज.

इसुरुगी : बहीण? मग छान. बसवू कुठेतरी.

सोइची : तुम्हाला कळत नाहीये. ती येतेय म्हणजे... ती घराबाहेर पडत नाही. शाळा सोडली तेव्हापासून. खोलीच्या बाहेरच येत नाही. म्हणजे रात्री येते, आम्ही झोपलो की, अंघोळीला वगैरे. मी पण तिला नीट असं समोरून... केस किती वाढलेत ते माहीत नाही मला.

इसुरुगी : आणि आज ती एकटी येतेय? मुराकामीहून?

सोइची : आईला स्टेशनपर्यंत पण येऊ दिलं नाही. दाराखालून चिठ्ठी... नाही, मेसेज केला. 'मी येते.' एवढंच. काल दिवसभर दुकानात मी कुणाला काय विकलं मला आठवत नाही.

इसुरुगी : हं.

सोइची : मी रोज तिचं जेवण दाराबाहेर ठेवतो. ठेवलं की म्हणतो, 'हा.' नोनोसारखं. ती आतून एकदा टकटक करते. तेवढंच आमचं बोलणं. एवढ्या वर्षांत तेवढंच. आता ती इथपर्यंत येणार, माणसांतून, गाडीतून, आणि इथे नोनो 'वा' म्हणणार. तिला वाटेल, आपली चूक होती म्हणून काढून टाकली. सगळ्यांसमोर पुसली. ती परत जाईल. आणि यावेळी टकटक पण करणार नाही.

इसुरुगी : जुना गळा आहे तुमच्याकडे?

सोइची : आहे. इथे. या पेनड्राइव्हच्या काडीत आहे. नेहमी असतो.

इसुरुगी : नेहमी असतो. बरं. लांबी तीच?

सोइची : तीच. एक अक्षर फक्त.

इसुरुगी : ऐका. लांबी तीच असली तर बसेल. पण ओठ नाही बदलणार. ओठ नव्या गळ्यावरून बनवलेत. 'वा' म्हणायला ओठ जवळजवळ मिटावे लागतात, 'हा'ला नाही. पडद्यावर ती ओठ मिटून उघडणार आणि ऐकू येणार 'हा'. पुढच्या रांगेत असे लोक बसतात की तिच्या रिबिनीची गाठ उलटी पडली तरी घरी जाऊन पानभर लिहितात.

सोइची : चालेल मला.

इसुरुगी : तुम्हाला चालेल हो. नेझु-सानना चालणार नाही. शोचे मुख्य ते आहेत, मी नाही. तालीम झाली की काही बदलायचं नाही, हा त्यांचा नियम. गेल्या वर्षी एका पोरानं दिव्याचा रंग बदलला, नुसता रंग, तर तो आता शाळांच्या स्नेहसंमेलनात माइक लावतो.

सोइची : ते कुठे आहेत? मी पाया पडतो त्यांच्या.

इसुरुगी : जेवायला गेलेत, आणि पाया पडलेली माणसं त्यांना आवडत नाहीत. थांबा. फोन वाजतोय तुमचा.

सोइची : हॅलो? चिगुसा? कुठे आहेस?

चिगुसा : स्टेशन.

सोइची : निइगाता? उतरलीस? बरं, छान, छान. बान्दाईच्या बाजूनं बाहेर ये. तिथून बस—

चिगुसा : दादा. माणसं खूप आहेत.

सोइची : हो. रविवार आहे ना. तू भिंतीकडेनं चाल. मी येऊ का घ्यायला?

चिगुसा : नको. मला यायचंय. मी... पिशव्या घेऊन बायका उभ्यात, त्यांच्यामागे उभी आहे. त्या निघाल्या की निघते.

सोइची : थंडी आहे का? टोपी आणलीस?

चिगुसा : आईची.

सोइची : बरं. बस नाही सापडली तर टॅक्सी कर. मोठ्या दारातून आत येऊ नको, बाजूला लहान दार आहे, तिथे ये आणि फोन कर. चिगुसा? ऐकतेयस?

चिगुसा : हो.

सोइची : हा.

चिगुसा : ...

सोइची : चिगुसा? ...ठेवला.

इसुरुगी : काय झालं?

सोइची : मी 'हा' म्हटलं. तिनं टकटक नाही केली.

इसुरुगी : फोनवर कशी करणार टकटक?

सोइची : करता येते. नखानं. केली असती तिनं.

इसुरुगी : द्या ती काडी.

सोइची : काय?

इसुरुगी : काडी द्या म्हटलं. तुमच्याकडे बघून मलाच धडधडायला लागलंय. मी जुना गळा बाजूच्या पट्टीवर ठेवते. नवा पण राहू दे. हे बटण इकडे असलं की नवा, तिकडे असलं की जुना. तुमचं गाणं चौथं आहे. तिसरं संपलं की मी तिकडे करीन. नेझु-साननी विचारलं तर फाइल अशीच आली होती, मी काही ऐकलं नाही.

सोइची : इसुरुगी-सान, मी तुमचे—

इसुरुगी : आभार नका मानू, सॅमन पाठवा. पूर्वी मी खऱ्या बायकांचे शो करायची. त्यांना घसा बसायचा, नवरे पळून जायचे, एक तर ओळ विसरली की माझ्याकडे बघून रडायची. पण त्यांना कानात सांगता यायचं. 'बाई, आज ही ओळ अशी म्हणा.' हिला नाही सांगता येत. हिला ताप येत नाही, ही थांबत पण नाही. ड्रमवाला मेला तरी ही पुढे जाईल. सांभाळा, वायरवर पाय देऊ नका.

(दुपारचा शो. हॉलमधले दिवे गेलेत. मागच्या भिंतीशी, यंत्रांच्या टेबलामागे हळू आवाजात.)

इसुरुगी : अजून नाही आली?

सोइची : बस अडकलीय बर्फात. पुलावर. मेसेज आला होता. मग नाही आला.

इसुरुगी : दुसरं गाणं चाललंय.

सोइची : माहितेय. ...आला. फोन आला. हॅलो? हो, तेच दार. राखाडी. आत येतेस? थांब, मी उघडतो—

इसुरुगी : उघडू नका. उघडू नका म्हटलं ना. लॉबीत उजेड आहे. आत्ता दार उघडलंत तर तो सगळा पडद्यावर येईल आणि नोनो फिकी पडेल. अर्धी बाई नाहीशी होईल. गाणं संपू दे. मधे काळोख होतो तेव्हा.

सोइची : चिगुसा, एक मिनिट हं. दाराशीच थांब. जाऊ नको. ...हो, तोच आवाज. नोनोच. ...मी इथेच आहे, दाराच्या या बाजूला. उलटं झालं बघ. आज तू बाहेर, मी आत. ...जाऊ नको हं.

इसुरुगी : आता. पटकन.

सोइची : ये. ये आत. सांभाळ, पायरी आहे. हात दे.

चिगुसा : काळोख आहे.

सोइची : होईल सवय. डोळ्यांना होईल. या इसुरुगी-सान. ही चिगुसा.

चिगुसा : उशीर झाला. माफ करा. त्रास झाला तुम्हाला.

इसुरुगी : काही त्रास नाही. इथे भिंतीला टेका. भिंत गरम आहे, यंत्रं तापलीत. बर्फ झटका टोपीवरचा, वायरी आहेत.

सोइची : कशी आहेस? म्हणजे, बरी आहेस ना? केस कापलेस?

चिगुसा : काल. कात्रीनं. वाकडे झालेत.

सोइची : छान आहेत.

चिगुसा : तुला काळोखात काय दिसतंय.

सोइची : दिसतंय. ...चिगुसा, काळजी करू नको हं. मी सगळं नीट केलंय.

चिगुसा : काय नीट केलंय?

सोइची : यांनी ती ओळ बदलली होती. कुणी बदलली माहीत नाही, न विचारता, 'वा' करून टाकली होती. सकाळी तालमीत कळलं. मी जुनी घालायला लावली परत. 'हा'च ऐकू येईल. आपलाच.

चिगुसा : मी बदलली.

सोइची : काय?

चिगुसा : मी, दादा. त्यांनी गळा मागितला ना, तू दुकानात होतास. मी पाठवला. नीट करून. खूप वेळ लागला, यंत्र नवं झालंय, मला येईना. श्वास पण नवा घातला तिथे. तो ऐकायलाच आले मी.

सोइची : पण का? अगं, तो 'हा' तर... तुझा होता. आपला.

चिगुसा : तुझा होता. तुला गंमत होती.

सोइची : सगळ्यांना आवडतो तो. अख्खा पडदा भरतो—

चिगुसा : बघितलाय मी पडदा. पहिल्या रात्री मीच बघत बसले होते. हा हा हा हा हा हा. या टोकापासून त्या टोकापर्यंत. ते काय होतं, दादा? वाचून बघ. हसणंच ना ते?

सोइची : नाही गं. ते... म्हणजे ते नोनोसारखं...

चिगुसा : मग शाळेत कळलं कुणाला तरी, शब्द माझे आहेत ते. दुसऱ्या दिवसापासून मी हा-चान. जिन्यात, पोहायच्या तासाला, डबा उघडला तरी. 'हा-चान, भात हा कसा आहे?' 'हा-चान, आज हा कुठला वार?' पोरं आधी. मग मुली. मग एकदा सर पण. चुकून म्हणाले ते, पण म्हणाले.

सोइची : मला कधी... तू कधी सांगितलं नाहीस.

चिगुसा : शाळा सोडली, दार लावलं. म्हटलं इथे तरी नाही येणार. मग तू ताट ठेवून रोज...

सोइची : थांब. नको.

चिगुसा : तुला माहीत नव्हतं. मला कळत होतं तुला माहीत नाहीये. म्हणून टकटक करायचे. नाही केली असती तर तू विचारलं असतंस.

सोइची : रोज. मी रोज...

इसुरुगी : माफ करा, मी ऐकत नाहीये, पण तिसरं गाणं शेवटाला आलंय. नेझु-सान समोरच उभे आहेत. मला एवढंच सांगा, बटण इकडे की तिकडे?

सोइची : इकडे. नवा. तिचा. लगेच करा.

इसुरुगी : नक्की? एकदा सुरू झालं की मधे नाही बदलता येणार. गळा तुटल्यासारखा होईल.

सोइची : नक्की. नवा. इसुरुगी-सान, प्लीज.

इसुरुगी : केला. बघा, केला. पुढच्या वेळी भावाबहिणींनी घरी भांडून यावं, हॉलमध्ये नाही. माझं वय झालंय.

चिगुसा : ते... ते कोण आहेत पुढे इतके? सगळ्यांच्या हातात...

सोइची : कांड्या आहेत उजेडाच्या. नोनो आली की पांढऱ्या करतात सगळे. आता बघ. आलीच.

चिगुसा : अगं बाई. ती केवढी आहे.

सोइची : तुझ्याएवढीच आहे. तिच्या उंचीशी तुझी मोजली होती आपण, आठवतं? चपलांसकट.

चिगुसा : तिच्या पायाखाली सावली पण आहे.

सोइची : चिगुसा. मला माफ—

चिगुसा : नंतर. ऐकू दे. हे कडवं आहे. आता येईल. माझा श्वास येईल आधी, बघ. ओठ बघ तिचे.

सोइची : बघतोय.

चिगुसा : मिटले. 'वा.' म्हणाली. नीट म्हणाली—

(काळोखातून हॉलभर एकच आवाज उठतो.)

चिगुसा : दादा.

सोइची : हो. ऐकलं.

चिगुसा : ते म्हणाले. सगळे. ती 'वा' म्हणाली आणि हे सगळे एकदम 'हा'.

सोइची : मला माहीत नव्हतं ते इथे पण म्हणतील. शपथ. हे पहिल्यांदाच हॉलमध्ये वाजतंय, मला वाटलं...

चिगुसा : मी काढला तरी. इथे पण. मी जाते. मला जायचंय. दार कुठे आहे?

सोइची : चिगुसा, थांब, एक मिनिट. मी सोडतो तुला घरी. मी येतो ना. इसुरुगी-सान, दार—

इसुरुगी : मागेच आहे, मी अडवत नाही. जायचं असेल तर जा, बाळ. फक्त सांगते, आत्ता उघडलंत तर उजेड आत येईल.

चिगुसा : आला तर?

इसुरुगी : तर ती फिकी पडेल. थोडा वेळच. दार लागलं की परत येईल. जा तुम्ही, नेझु-सानचं मी बघते.

चिगुसा : माझ्याच गाण्यात?

इसुरुगी : तुमच्याच गाण्यात.

सोइची : मी माझा कोट धरतो दाराला. हळूच उघडू, बारीकशी फट. चल. ...चिगुसा?

चिगुसा : तो माणूस बघ.

सोइची : कुठला?

चिगुसा : समोरचा. सूटमधला. टाय आहे गळ्यात. बाबांएवढा असेल. ती ओळ आली तेव्हा तो डोळे मिटून ओरडला.

सोइची : बरं. मग?

चिगुसा : मला चिडवताना कुणी डोळे मिटायचं नाही. सगळे बघायचे. मी काय करते ते बघायचं असायचं ना त्यांना. सूटवाला हसला पण नाही. म्हणाला आणि परत गप्प उभा राहिला.

सोइची : हो.

चिगुसा : त्या दोघी पण. त्या बघ, शाळेच्या कपड्यातल्या. एकीनं दुसरीचा हात धरलाय.

सोइची : दुसरं कडवं संपत आलंय. ती ओळ परत येणार आता. जायचं असेल तर आत्ता, मी पकडतो कोट. तू सांग.

चिगुसा : उघडू नको. ती फिकी पडेल.

सोइची : नक्की? कान झाकतेस? माझा मफलर घे. मी काही बोलणार नाही. मी तो शब्द आता कधीच...

चिगुसा : गप्प बस ना, दादा. श्वास ऐकू दे माझा.

सोइची : बरं.

चिगुसा : आला. ...'हारु'...

सोइची : ...

चिगुसा : हा.